बॉनेटवरच्या खुर्चीत बसणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तुम्हाला मराठी येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण आप्पांनी बजावलंय, आभार मराठीतच मान. "तीन दिवस मी त्यांच्याशी मराठीतच बोललो, त्यांना सगळं कळत होतं," असं त्यांचं म्हणणं. म्हणून हे असं उघड पत्र. यातलं काय ते मी रेंजरदादांना फोनवर सांगेन, ते तुम्हाला सांगतील.

आप्पा म्हणजे माझे वडील. जुन्नर तालुक्यात आमचा ऊस आणि कांदा. आमच्या गावात बिबट्याला कुणी बिबट्या म्हणत नाही, वाघच म्हणतात. धरलेले बिबटे ठेवायला माणिकडोहला निवारा केंद्र आहे, इतकं हे रोजचं. लहानपणी अंधार पडल्यावर गोठ्यात जायचं तर दोघं लागायचे, एक कंदील धरायला आणि एक मोठ्यानं बोलायला. आता मी नोकरीसाठी जोहान्सबर्गला. आप्पा जुलैत आले, तेव्हा सहा तास गाडी चालवून त्यांना साबी सँड्सच्या खासगी अभयारण्यात आणलं. वाटभर धाकधूक होती, की हे म्हणणार, पैसे मोजून वाघ बघायला आलीस? म्हणालेच.

पहिल्या पहाटे आप्पांच्या डोक्यावर माकडटोपी, मांडीवर गरम पाण्याची पिशवी. तुम्ही माग काढायला गाडीच्या नाकावर, डाव्या अंगाला बसवलेल्या त्या खुर्चीत. तुम्ही तुमच्या शांगान भाषेत नमस्कार, 'अवुशेनी' म्हणालात, आप्पा 'रामराम' म्हणाले, आणि ओळख झाली.

दहा मिनिटांत तुम्ही हात वर केलात. गाडी थांबली. तुम्ही उतरलात, मातीत काठीनं एक गोल काढलात आणि मागे वळून मला नाही, आप्पांना बोलावलंत. त्यासाठी पहिले आभार. मी कॅमेरा घेऊन तयार होते, पण तुम्हाला गाडीत शेतकरी कोण हे बरोबर कळलं होतं. ठसा बिबटीणीचा होता. नखं उमटलेली नव्हती, म्हणजे तरस नाही. पंज्याच्या गादीच्या मागच्या कडेला तीन फुगवटे, म्हणजे मांजराची जात. हे आप्पांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते पुढचं. ठशाच्या आरपार एक बारीक, शिवणीच्या टाक्यांसारखी रेघ गेली होती. तुम्ही दोन बोटं चालवून दाखवलीत : किडा. रात्री फिरणारा किडा ठशावरून गेलाय, म्हणजे ती त्याच्याही आधी गेली. पुढच्या ठशावर रेघ नव्हती, कडा अजून धारदार होत्या. म्हणजे ती परत आली होती, आत्ता. आप्पा उकिडवे बसून ती रेघ इतका वेळ बघत राहिले, की रेंजरदादांनी इंजिन बंद केलं.

दुसरे आभार तित्तिरासाठी. झुडपात कलकलाट झाला तसे आप्पा ओरडले, "तित्तूर! तिकडं वाघ हाये!" तुमचे ते पक्षी आमच्या तित्तिराचेच भाऊबंद, भेदरल्यावरचा ओरडाही तसाच. तुम्ही लगेच गाडी वळवायला लावलीत. निघालं मुंगूस. तुम्ही हसलात, पण पुढच्या वेळी आप्पांनी बोट दाखवल्यावर पुन्हा थांबलात.

सिंहांनी मात्र आप्पांची निराशा केली. सँड नदीच्या कोरड्या वाळूत नऊ जण पोटं वर करून पडलेले. सिंह दिवसाचे वीसेक तास झोपतात, हे आम्ही पुढचा दीड तास स्वतःच पडताळून पाहिलं. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपले बैल असेच पडतात," आप्पा म्हणाले. तेवढ्यात चांगला कोन मिळावा म्हणून मी उभी राहिले. तुम्ही मान न वळवता हाताचा पंजा खाली दाबलात. बसलेली माणसं म्हणजे त्यांच्या लेखी गाडीचाच भाग. उभं राहिलं की तो आकार मोडतो. एका सिंहिणीनं डोकं उचललंच होतं. त्या पंज्याबद्दलही आभार, तेव्हा राग आला होता तरी. रात्री त्यांच्यातला मोठा नर डरकाळला. गाडीचा पत्रा थरथरला आणि आप्पांनी टोपी काढून हातात घेतली.

बिबटीण तिसऱ्या दिवशी दिसली. मारुलाच्या झाडाच्या फांदीवर इम्पाला हरीण अडकवलेलं, खाली तरस हाडाची वाट बघत. तरस कंटाळून गेला तशी ती उतरली आणि आमच्या चाकाला लागून, आमच्याकडे ढुंकूनही न बघता निघाली. "तीस वर्षांत मी फक्त शेपटी पाहिली होती," आप्पा पुटपुटले. तिकडे पिढ्यान्‌पिढ्या बिबट्यांनी गाड्या पाहिल्यात आणि गाडीतून कधी काही वाईट आलेलं नाही. आमच्याकडे माणूस दिसला, की मागून काठी, फटाके आणि पिंजरा येतो.

आम्ही मागे निघालो. साबी सँड्स आणि शेजारच्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानामधलं कुंपण १९९३ मध्ये निघालं, जनावरांना हद्द उरली नाही. पण क्रुगरमध्ये पर्यटकाला रस्ता सोडता येत नाही, तुमच्याकडे झाडीत गाडी घालता येते. बिबटीण खडकांच्या टेकाडाकडे वळली आणि तुम्ही पुन्हा हात वर केलात. पुढे नाही. तिच्या सडांभोवतीचे केस ओले, चिकटलेले होते. पिल्लं जवळ आहेत. सिंह आणि तरस पिल्लं मारतात, आपण तिथवर वाट पाडायची नाही. माझा फोटो हुकला.

आप्पा तेव्हा एकदम बोलायला लागले. ऊसतोडीत सरीत पिल्लं सापडतात, ती संध्याकाळी त्याच शेतात ठेवतात, माणसं लांब होतात आणि आई रात्री येऊन एकेक उचलून नेते. मी मोडकंतोडकं इंग्रजी केलं, रेंजरदादांनी त्याचं शांगान केलं. तुम्ही विचारलंत, आणि ज्याची शेळी गेली तो काय म्हणतो? एवढ्या वर्षांत आप्पांना हे परगावच्या कुणी विचारलं नव्हतं. तुमच्या गावातही कुंपणाबाहेर आलेल्या सिंहानं गाय नेली होती, हे मग कळलं. त्या गप्पांत मी फक्त दुभाषी होते. सूर्य मावळला तरी तुम्ही दोघं उठेनात.

काल आप्पांचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. कांद्याच्या वाफ्यातला ठसा, शेजारी मापाला काडेपेटी. खाली लिहिलंय : "मादी आहे. किड्याची रेघ वरून गेलीय, म्हणजे मध्यरात्रीच्या आधीची. काकांना विचार बरोबर आहे का."

इन्कोमु, काका, तुमच्या भाषेत आभार. फोटो रेंजरदादांना पाठवलाय.