हळदीची कॅप्सूल आणि दुखरे स्नायू

महोदय,
व्यायामानंतरच्या अंगदुखीवर वनौषधींच्या गोळ्या रामबाण म्हणून खपवल्या जातात. पुरावा मात्र तेवढा भक्कम नाही. हे दुखणे 24 ते 72 तासांत शिगेला पोहोचते आणि बहुधा आठवडाभरात आपोआप ओसरते. त्यामुळे काहीही घ्या, गुण आल्यासारखा वाटणारच! म्हणून तर औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी घेणाऱ्या गटाशी तुलना लागते. आल्याची अशी चाचणी 2010 मध्ये प्रसिद्ध झाली. रोज 2 ग्रॅम आले 11 दिवस घेणाऱ्यांचे दंडाचे दुखणे सुमारे 25 टक्क्यांनी कमी भरले. उपयोग आहे, चमत्कार नाही.

हळदीतल्या कर्क्युमिनच्या काही चाचण्यांतही दुखणे कमी झाले. पण बहुतेक चाचण्या मोजक्या माणसांवरच्या, मात्रा वेगवेगळ्या. शिवाय ते आतड्यातून फारसे शोषलेच जात नाही, म्हणून कॅप्सूलमध्ये मिऱ्यातले पायपरिन मिसळतात. तीव्र अर्क घेतलेल्या काहींच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक, हे कोणी ठरवले? रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा डब्यांना हात लावू नये.

— एक वाचक