नववीतल्या मुलीने किती चालावं? शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: आठवीनंतरच्या मुलामुलींचं शाळेचं अंतर नव्याने ठरवण्याबाबत.

महोदय,

सादर नमस्कार.

मी खान्देशातला, पांझरा नदीच्या काठचा शेतकरी. कपाशी आणि मका घेतो. माझी मुलगी यंदा नववीत गेली. गावची मराठी शाळा आठवीपर्यंतच आहे, म्हणून जूनपासून ती नदीपलीकडच्या गावातल्या हायस्कुलात जाते. मोटरसायकलच्या काट्यावर हे अंतर फरशीवरून, म्हणजे नदीवरच्या ठेंगण्या पुलावरून, ३.८ किलोमीटर भरतं. फरशी पाण्याखाली गेली की लांबच्या मोठ्या पुलावरून जावं लागतं, तेव्हा ते ९ किलोमीटरच्या वर जातं. जूनपासून आजपर्यंत बहुतेक दिवस मी तिच्यासोबत चाललो. आता कापूस वेचणी जोरात आहे, मजूर मिळत नाहीत, मला रोज जाता येणार नाही. तिला एकटी पाठवायची, मामाकडे ठेवायची, की शाळा थांबवायची, याचा निर्णय आमच्या घरात या आठवड्यात होणार आहे. हा निर्णय एकट्या घरावर पडायला नको होता, म्हणून हे पत्र.

शिक्षणहक्क कायदा २००९ सालचा. त्याच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची ३ किलोमीटरच्या आत असावी असं लिहिलेलं आहे. पण तो हक्क ६ ते १४ या वयाचा. मूल नववीत गेलं की कायद्याचा हात सुटतो. त्याच वर्षी सुरू झालेल्या राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानाने माध्यमिक शाळा ५ किलोमीटरच्या आत असावी असं उद्दिष्ट ठेवलं होतं. ते उद्दिष्ट होतं, हक्क नव्हे. आणि ५ किलोमीटर म्हणजे पाठीवर दप्तर घेतलेल्या मुलीला जाताना सव्वा तास आणि येताना सव्वा तास. रोजचे अडीच तास. हा आकडा ठरवताना कोणी घड्याळ लावून चाललं होतं का, हे मला खरोखर जाणून घ्यायचं आहे.

मी घड्याळ लावून चाललो. जूनमध्ये, पेरणीआधी रस्ता कोरडा होता तेव्हा आम्हाला ५८ मिनिटं लागली. जुलैत त्याच रस्त्याला १ तास २० मिनिटं. आमच्याकडची काळी माती आपण पाहिली असेल. पाऊस पडला की असा गारा होतो की चप्पल पावलागणिक जड होत जाते, मग चपला हातात घ्यायच्या आणि शाळेच्या हापशावर पाय धुवायचे. मुलगी रोज एक जुना टॉवेल पिशवीत घेऊन जायची. वर्गात पोचेपर्यंत पहिला तास अर्धा संपलेला असायचा, आणि पहिला तास गणिताचा.

सप्टेंबर-ऑक्टोबरात चिखल सरतो, पण मका डोक्याच्या वर गेलेला असतो. रस्त्याच्या दोन्ही अंगाला मका, मध्ये बैलगाडीपुरती वाट, वीस पावलांपुढचं दिसत नाही. त्या दिवसांत तिची आई रोज एकच वाक्य बोलायची, 'आंडेरनी जात शे, एकली कशी धाडू?' अहिराणी न समजणाऱ्यांसाठी सांगतो: मुलीची जात आहे, एकटी कशी पाठवू? ज्यांच्या घरात वयात आलेली मुलगी आहे त्यांना या वाक्याचं भाषांतर लागणार नाही.

आता डिसेंबर. शाळा पाचला सुटते. सूर्य सहाच्या आत मावळतो. तासाभराची वाट धरली तर शेवटचा टप्पा, म्हणजे फरशी आणि तिच्या अलीकडची वेड्या बाभळीची झाडी, नेमका अंधारात येतो. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा हाच अंधार निघताना लागतो. उद्या ती दहावीत गेली की जादा तास सुरू होतील, मग साडेपाच-सहाला सुटका. मार्च-एप्रिलची गोष्ट वेगळी सांगायला नको. एप्रिलात जळगाव-भुसावळचा पारा ४२-४४ अंशांपर्यंत जातो आणि सकाळच्या शाळेतली मुलं नेमकी दुपारच्या तोंडावर उघड्या रस्त्यावर असतात. २०२५ साली पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा २५ एप्रिलपर्यंत नेल्या होत्या, तेव्हा मुंबई-पुण्याचा एप्रिल आणि आमचा एप्रिल एकच धरला गेला. म्हणून माझं म्हणणं आहे की किलोमीटर हे माप पुरेसं नाही. तेच ३.८ किलोमीटर जूनमध्ये एक असतं, जुलैत दुसरं, डिसेंबरात तिसरं.

माझा एक दोष इथे कबूल करतो. मुलीच्या आधी माझा मुलगा याच वाटेने, याच शाळेत दोन वर्षं गेला. त्याच्या वेळी मी अंतर मोजलं नाही. एक दिवस सोबत गेलो नाही. तो आता सुरतला कामाला आहे. दिवाळीत घरी आला तेव्हा बहिणीच्या शाळेचा विषय निघाला आणि त्याने पहिल्यांदा सांगितलं. दहावीत असताना एका संध्याकाळी, वर अक्कलपाडा धरणातून पाणी सोडलेलं, फरशीवरून गुडघ्याच्या वर पाणी वाहत होतं. तो पलीकडच्या काठावर दप्तर मांडीवर घेऊन रात्री नऊपर्यंत बसून राहिला. मग एका ट्रॅक्टरवाल्याने त्याला पुलावरून फिरवून आणलं. आम्हाला त्याने मित्राकडे अभ्यासाला थांबलो असं सांगितलं होतं. का नाही सांगितलं रे, असं विचारलं तर म्हणाला, 'सांगितलं असतं तर तुम्ही शाळा बंद केली असती.' तेव्हापासून मला रात्री नीट झोप नाही. मुलीच्या वाटेची काळजी करतो तेवढीच काळजी त्या पोराच्या वाटेची करायला हवी होती.

चालण्याला माझा विरोध नाही, हेही सांगतो. मी स्वतः शाळेत चालतच गेलो. पण तेव्हा आमच्या गावातून पंधरा-सोळा पोरं एकत्र निघायची. मोठी पोरं लहानांची दप्तरं धरायची, रस्ताभर कवितांची पाठांतरं व्हायची, पूर आला तर सगळी एका ठिकाणी थांबायची. आज ज्यांना परवडतं त्यांच्या मुलांना दारातून इंग्रजी माध्यमाची व्हॅन घेऊन जाते. उरलेल्यांपैकी काही काळी-पिवळीत दाटीवाटीने जातात, काही मामाच्या गावी शिकतात. यंदा गावातून या हायस्कुलात पायी जाणारी मुलं तीन. त्यातली दोन भावंडं दिवाळीनंतर ऊसतोडीला आईबापांसोबत गेली. आता एकटी माझी मुलगी. वाट तीच राहिली, सोबत गेली. अंतराच्या नियमात सोबतीचा विचार कुठेच नाही, आणि आईबाप मात्र पहिला विचार त्याचाच करतात.

यावर मला नेहमी एसटीचं उत्तर मिळतं. मुलींना बारावीपर्यंत पास मोफत आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची ती योजना चांगलीच आहे आणि तिने हजारो मुली शिकल्या. माझ्या मुलीकडेही पास आहे, पण गाडी नाही. आमच्या गावाला पूर्वी मुक्कामाची गाडी होती. ती सकाळी सातला निघायची आणि संध्याकाळी परतायची. ऑक्टोबर २०२१ पासूनच्या संपात ती थांबली आणि नंतर सुरू झालीच नाही. आगारात अर्ज दिला, ग्रामपंचायतीचा ठराव दिला. चालक कमी आहेत, गाड्या कमी आहेत, भारमान (म्हणजे पुरेसे प्रवासी) नाही, ही तीन कारणं मला आता पाठ झाली आहेत. सध्या फाट्यावरून एक गाडी जाते, साडेबाराला. अकराच्या शाळेला ती काय कामाची?

मानव विकास कार्यक्रमातून शाळेपासून ५ किलोमीटरच्या आतल्या गरजू मुलींना सायकल मिळते, ठरलेल्या तालुक्यांत मुलींसाठी बसही फिरते. सायकलीने मुलीचा रस्ता अर्ध्या वेळेत येतो, हे मी शेजारच्या गावात पाहिलं आहे. पण सायकलीला रस्ता लागतो. आमच्या वाटेवर पाइपलाइनसाठी चारी खोदली, ती नीट बुजवली नाही, आणि बाभळीच्या काट्यांनी आठवड्याला दोन पंक्चर ठरलेले. एका खात्याने सायकल द्यावी आणि दुसऱ्याने वाट उखडावी, यात मुलीचं वर्ष जातं.

२०२३ साली २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून त्यांच्या समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले, तेव्हा नमुना म्हणून पुण्याचं पानशेत आणि आमच्याच खान्देशातलं तोरणमाळ दाखवलं होतं. तोरणमाळला मुलांची राहण्याची सोय आहे. राहण्याची सोय नाही आणि गाडीही नाही, अशा ठिकाणी शाळा लांब नेली तर आज माझ्या नववीतल्या मुलीचा जो प्रश्न आहे तो तिसरीतल्या मुलाचा होईल. हे मी घाबरवायला लिहीत नाही. आमच्या शेजारच्या वस्तीत लोक याच भीतीने ग्रामसभेत बोलत आहेत.

साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवायचे तेव्हा वसतिगृहातल्या मुलांचंही सगळं बघायचे, हे आमच्या भागात आजही आजोबा नातवंडांना सांगतात. लांबच्या खेड्यातल्या पोराला शिकवायचं तर आधी त्याच्या राहण्याजाण्याची सोय बघावी लागते, हे त्या काळच्या माणसांना कळलं होतं.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. शाळेचं अंतर मुलाच्या पायाखालच्या वाटेने आणि मिनिटांत मोजावं, पावसाळ्यात एकदा आणि हिवाळ्यात एकदा. मुख्याध्यापक आणि दोन पालक मिळून हे एका दिवसात करू शकतात. एका बाजूचं चालणं ४५ मिनिटांच्या वर गेलं तर वाहनाची जबाबदारी शासनाची, आणि हा नियम आठवीला न थांबता बारावीपर्यंत, मुलगा-मुलगी भेद न करता लागू करावा. एसटीचं वेळापत्रक शाळेच्या घंटेशी जुळवण्यासाठी आपण आणि परिवहनमंत्री यांनी एकदा एका टेबलावर बसावं. आणि नोव्हेंबर ते जानेवारी हे तीन महिने ग्रामीण हायस्कुलं साडेचारला सोडण्याची मुभा मुख्याध्यापकांना द्यावी. याला पैसा लागत नाही. मधली सुट्टी थोडी कमी केली आणि प्रार्थना पावणेअकराला घेतली तरी एवढं बसतं. मी शिक्षकांना विचारून हे लिहितो आहे.

काल संध्याकाळी आम्ही फरशी ओलांडली तेव्हा बॅटरी माझ्या हातात होती. ती पुढे चालत होती. मागे न वळता तिने विचारलं, 'आबा, सकाय बी येशात का?' उद्याही याल का, असं. मी हो म्हणालो. थोडं चालून ती म्हणाली की तुम्ही नाही आलात तरी मी जाईन, फक्त बॅटरी मला द्या. तिच्या आईला हे अजून सांगितलेलं नाही.

एक शेवटची विनंती राहिली. दहावीला ७५ टक्के हजेरी लागते. जुलै ते सप्टेंबर या काळात फरशीवरून पाणी जात असल्यामुळे आमची मुलगी अकरा दिवस शाळेत पोचू शकली नाही, आणि हजेरीपटावर ते अकरा दिवस गैरहजर असेच लागले आहेत. पुढच्या वर्षी ती दहावीत असेल. नदीला पूर असेल त्या दिवशी काठावरच्या मुलांची गैरहजेरी मांडू नये, एवढा आदेश जूनच्या आत निघावा.

आपला,
नववीतल्या एका मुलीचा बाप,
पांझराकाठ, खान्देश.