पाळीव अजगराला वजन बघून खाऊ घाला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुण्या-मुंबईत हौसेने बॉल पायथन हा अजगर पाळणारे बरेच जण तो तोंड पुढे करील तेव्हा त्याला उंदीर देतात. हा साप मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. तिथे शिकारीची शाश्वती नसते, त्यामुळे समोर आलेले भक्ष्य तो सहसा सोडत नाही. ती भूकच असेल असे नाही. दर चार दिवसांनी खाऊ घातलेले पिल्लू झपाट्याने वाढते खरे, पण चरबी यकृतावर चढते आणि आयुष्य घटते. हे लाड नव्हेत, हाल आहेत.

प्रमाण ग्रॅममध्ये ठरवावे. साधा डिजिटल काटा पुरतो, फक्त तो स्वयंपाकघरात वापरू नये. पिल्लू 500 ग्रॅमचे होईपर्यंत दर सात दिवसांनी त्याच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के खाणे द्यावे, म्हणजे 200 ग्रॅमच्या पिल्लाला 20 ते 30 ग्रॅमचा उंदीर. पुढे 1000 ग्रॅमपर्यंत दहा ते चौदा दिवसांनी सात टक्क्यांच्या आसपास. 1500 ग्रॅमच्या प्रौढ सापाला तीन-चार आठवड्यांतून एकदा 75 ग्रॅमचा उंदीर भरपूर झाला. कणा धारेसारखा वर आला असेल तर खाणे कमी पडते आहे. अंगावर वळ्या पडल्या, खवल्यांमधली कातडी ताणून दिसू लागली, तर ते जास्त होते आहे.

खाल्लेले पचते ते उबेवर. पेटीची एक बाजू 31 ते 33 अंश, दुसरी 25-26 अंश हवी, आणि हीटरला थर्मोस्टॅट (तापमान आपोआप आवरणारे यंत्र) हवाच. डिसेंबरच्या रात्री वीज गेली आणि पेटी गार पडली की पोटातला उंदीर पचण्याआधीच सडू लागतो आणि साप तो ओकून टाकतो. घाबरून लगेच दुसरा उंदीर देतात, तिथेच घोळ होतो. अन्ननलिका आणि जठर पोळलेले असतात. दहा ते चौदा दिवस फक्त पाणी ठेवावे, मग नेहमीच्या निम्म्या आकाराचा उंदीर द्यावा. एरवीही खाल्ल्यावर 48 तास सापाला हात लावू नये.

जिवंत उंदीर सापाला चावून गंभीर जखमा करतो, म्हणून गोठवलेलाच द्यावा. रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून सकाळी पिशवीत बांधून कोमट पाण्यात सोडावा. मायक्रोवेव्ह नको, बाहेरून शिजतो आणि आत बर्फ राहतो. उंदराचे पोट बोटाने दाबून पाहावे. आत गारगोटी लागली तर अजून थांबावे. द्यायचा तो लांब चिमट्याने.

कात टाकण्याआधी डोळे दुधाळ होतात तेव्हा आणि हिवाळ्यात प्रौढ साप खाणे सोडतो. बळजबरी करू नये, दर आठवड्याला वजन करावे. दहा टक्क्यांहून जास्त घटले, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्यावे.

आपल्याकडचे साप पाळणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहे, आणि बॉल पायथनचीही केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. विक्रेत्यांना त्याबरोबर आणखी एक सक्ती हवी: साप देताना त्याचे वजन, शेवटचे खाणे कोणत्या तारखेला झाले आणि उंदीर किती ग्रॅमचा होता, हे लेखी द्यावे.

आपला,
एक सर्पअभ्यासक वाचक, पुणे