बुडापेस्टहून बाळ्याला

बुडापेस्ट, जानेवारी

प्रिय बाळ्या,

तब्येत ठीक. सर्दी आहे, ती इथे सगळ्यांनाच असते.

दादाचा फोन आला होता. सांगलीच्या गावभागातल्या घराला गिऱ्हाईक आलंय. आण्णा म्हणतात, ‘मी मेल्यावर विका’. दादा म्हणतो, पावसाळ्याआधी मोकळे होऊ. सगळं माझ्या सहीवर अडलंय. बायकोला विचारलं, तर ‘मग विका की’ म्हणून मोकळी झाली. ती सोलापूरची, तिला पुराचं काय सांगणार!

फोन आला तेव्हा मी पासाऊला होतो. सुट्टी होती, म्हणून डॅन्यूबच्या काठची गावं बघत निघालोय. एका गावाहून दुसऱ्या गावाला रेल्वेने आणि गावात पायी. थंडी उणे सहा. चालत राहिलं तर काही वाटत नाही, पण फोनवर बोलायला हातमोजा काढला आणि बोटं गेलीच. पासाऊ ऑस्ट्रियाला चिकटलेलं जर्मन गाव. स्टेशनापासून पंचवीसेक मिनिटं चाललं की पुढे जमीनच संपते. डॅन्यूब, इन आणि इल्झ तिथे एकत्र येतात. इन आल्प्समधून येते, पण आत्ता वरचा बर्फ वितळत नाही, त्यामुळे रोडावलेली. इल्झ काळपट. आपला हरिपूरचा संगम भारी की हा, यावर तू तिथेच कडाक्याच्या थंडीत भांडत बसला असतास.

तिथल्या नगरपालिकेच्या भिंतीवर पुराच्या रेघा आहेत. सगळ्यात वरच्या दोन १५०१ आणि २०१३ च्या. २०१३ ला पाणी १२.८९ मीटरवर गेलं, म्हणजे ४२ फूट. आपण कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी ४० ला इशारा आणि ४५ ला धोका म्हणणारी माणसं. माझ्या मनात पहिल्यांदा आलं, हॅ, एवढंच? (मोजमापाचं शून्य वेगळं असतं हे मलाही कळतं. लगेच इंजिनिअरगिरी करू नकोस.) आण्णांनी जिन्यापाशी ऑइल पेंटने मारलेल्या रेघा अशाच आहेत. २०१९ ची मारायला स्टूल घ्यावं लागलं होतं.

पुढे व्हिएन्ना. तिथल्या लोकांनी १९७२ ते १९८८ खणत बसून नदीशेजारी दुसरं पात्र काढलं आणि निघालेल्या मातीचं २१ किलोमीटर लांब बेट केलं. हे आण्णांना सांगितलं, तर म्हणाले, ‘त्यांना म्हणावं, आलाच आहात तर अलमट्टी धरणाचंही बघा.’

इथे बुडापेस्टला एका चर्चच्या भिंतीवर शिल्प आहे. १८३८ च्या मार्चमध्ये नदीत बर्फ तुंबून शहराचा पेश्त हा भाग बुडाला, तेव्हा वेशेलेनी नावाचा सरदार होडी घेऊन माणसं काढत फिरला, त्याचं. नावेत तो उभा. बाळ्या, मला हसूच आलं. त्या सरदाराने आण्णांना आईवरून शिव्या दिल्या असत्या का? २०१९ च्या पुरात तू दिल्यास. मी इथून तासातासाला फोन करून विनवत होतो, ते ऐकेनात. पाणी ५७ फुटांवर गेलं आणि तू बोटीतून ओरडलास तेव्हा माळ्यावरून उतरले. आजही सांगतात, ‘बाळ्यानं काढलं, पोरांनी नाही.’ दादाला ते लागतं. मलाही.

२००५ च्या पुरानंतर तुम्ही विश्रामबागला गेलात तेव्हा मी तुम्हाला पळपुटे म्हणालो होतो, आठवतं? दिवाळीपर्यंत बोलला नव्हतास. तो शब्द मी आजही मागे घेत नाही. पण आता आम्हीच पळायला निघालोय, तर मला झोप नाही. आण्णा तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बसून काय करतील? रोज रिक्षाने घाटावर जातील आणि भाड्यावरून रिक्षावाल्याशी भांडतील. आणि घर ठेवलं, आणि यंदा तू गावात नसलास तर?

माझ्या डोक्यात असं आहे. विकायचं नाही. खालचा मजला रिकामा करून एखाद्या दुकानाला द्यायचा, आण्णा वरती. पण पाणी ३५ फुटांवर गेलं की त्यांनी निमूट तुझ्याकडे यायचं, आणि हे लेखी. दादा पैशाचं बोलेल. त्याला मी बघतो.

वहिनींची बदली थांबली का? पोरीची दहावी यंदाच ना? काकूंना नमस्कार.

आण्णांकडे तू जा. गुरुवारी जा, त्या दिवशी उपास असतो, भांडायला ताकद नसते. साबुदाणा वड्याच्या आधी सही घे.

तुझाच,
पक्या