साहेब, उजनीतल्या नावाड्याला 'नाही' म्हणता येऊ द्या

मा. वनमंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य.

साहेब, नमस्कार.

मी सोलापूरचा, लग्नाचे फोटो काढून पोट भरणारा माणूस. तिथी जोरात असल्या की हळद, अक्षता, वरात, आणि तिथी नसल्या की कॅमेरा घेऊन पक्ष्यांच्या मागं. पक्षी अल्बम कधी देणार म्हणून फोन करत नाहीत, एवढ्यासाठीसुद्धा ते मला आवडतात. हे पत्र तक्रारीचं आहे पण आधीच सांगून टाकतो, ह्यातला पहिला आरोपी मीच आहे, नंतर कुणी उकरून काढायला नको.

विषय उजनी धरणाचा, तिथं येणाऱ्या पक्ष्यांचा आणि त्यांना उडवणाऱ्या होड्यांचा. सोलापूरकराला उजनी म्हणलं की पाइपलाइन आठवते आणि नळाला पाणी किती दिवसाआड ते आठवतं. धरण १९८० ला झालं, साठा ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसी मृतसाठा, हे आकडे आमच्याकडं पोरंसोरंपण सांगतात कारण उन्हाळा आला की रोज पेपरला 'उजनी मायनसमध्ये', म्हणजे पाणी मृतसाठ्यात उतरलं. २०२४ ला तर उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेलं होतं. आपल्यासाठी ती वाईट बातमी, पण पाणी उतरलं की मागच्या फुगवट्यात, करमाळा आणि इंदापूरच्या मधल्या पट्ट्यात, गाळाची आणि वाळूची छोटी छोटी बेटं उघडी पडतात आणि पक्ष्यांचा खरा बाजार तिथं भरतो. रोहित म्हणजे फ्लेमिंगो, चित्रबलाक, मंगोलिया-तिबेटकडनं हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब, कुरव म्हणजे गल, सुरय म्हणजे टर्न, मासे उचलणारा कैकर. आम्हाला पाणी वेळेवर येत नाही पण हे पाहुणे वेळेवर येतात.

मागं एकदा जानेवारीतली आमची सिद्धेश्वराची गड्डा यात्रा उरकली त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही सहाजण करमाळ्याच्या बाजूच्या एका घाटावरनं होडीत बसलो. नावाडी बावीस-तेवीसचं पोरगं, गाईडपण तोच. सकाळचे सात, पाण्यावर धुकं, थंडीनं बोटं शटरवर वळत नव्हती. दोनशेएक फ्लेमिंगो उथळ पाण्यात माना खाली घालून चरत होते. त्यांची चोच उलटी असते बघा, डोकं पाण्यात उलटं घालून चिखल-पाणी आत ओढायचं, गाळायचं आणि बारीक शेवाळ-किडे तेवढे ठेवायचे, असं दिवसाचे कितीतरी तास चालतं तेव्हा कुठं त्या एवढ्या मोठ्या देहाचं भागतं. पोरानं इंजिन बारीक केलं आणि मागं वळून अगदी सहज, चहा घेणार का विचारावं तसं विचारलं, "सायेब, उडवू का?"

मी म्हणलं, "उडव."

एवढा एकच शब्द. त्यानं इंजिन रेटलं, होडी सरळ थव्यात घातली. आधी सगळ्या माना एकदम वर झाल्या, मग सगळा थवा एकाच दिशेला चालायला लागला, मग पाण्यावरनं पळायला लागला कारण फ्लेमिंगोला जागच्या जागी उडता येत नाही, विमानासारखं धावावं लागतं, आणि मग पंख उघडले. आतनं लालभडक, कडेला काळे. अग्निपंख हे त्याचं दुसरं नाव उगीच नाही पडलं, पण त्या नावानंच घात केलाय असं मला आता वाटतं, कारण ती आग बसलेल्या पक्ष्यात दिसतच नाही, ती बघायची तर त्याला उडवायलाच लागतं. मी एक भागिले अडीच हजारवर शटर ठेवून बर्स्ट मारला, म्हणजे एकामागनं एक फोटो. पोराला खुशीनं पाचशेची नोट दिली. तो फोटो मोठा करून स्टुडिओत लावला, गिऱ्हाईकं अजून त्याच्याजवळ उभं राहून विचारतात की हे परदेशातलं का.

थवा पलीकडं जाऊन बसला. तिथं दुसरी होडी होती. तिनं उडवला. नऊ वाजेपर्यंत तोच थवा चार वेळा उठलेला मी मोजला, म्हणजे ऊन चढायच्या आधीचा सगळा चरायचा वेळ गेला. आमच्या होडीतला एकजण तर कुरवांना फरसाण टाकत होता, भूक लागलीय बिचाऱ्यांना म्हणून. त्यांना भूक लागली असती तर उजनीत चिलापी मासा काय कमी आहे का?

तरी त्या दिवशी मला फार काही वाटलं नाही, खोटं कशाला बोलू. वाटलं ते एप्रिलमध्ये.

एप्रिलमध्ये परत गेलो, सोबत माझी पोरगी, सातवीतली. ऊन बेचाळीसच्या पुढं. नावाडी म्हणला एका बेटावर उतरवतो, नदी सुरय अंडी घालून बसलेत, जवळनं भारी फोटो भेटतो. सुरय घरटं बांधत नाही, वाळूत नुसती वाटीएवढी खळगी करतो आणि त्यात दोन-तीन अंडी, वाळूच्याच रंगाची, वर तपकिरी ठिपके, डोळ्यासमोर असून दिसत नाहीत. आम्ही उतरल्या उतरल्या सगळे पक्षी उठले आणि डोक्यावर टकाटक झेपा मारायला लागले. पोरगी माझ्या मागं लपली. आणि तिनंच दाखवलं. खळगीत दोन अंडी चांगली, आणि तिसरं एका बुटाच्या ठशात, टाचेच्या नक्षीत दाबून बसलेलं, पिवळं वाळूत झिरपून सुकून गेलेलं. बूट आमच्यातल्या कुणाचा नव्हता, आमच्या आधीच्या फेरीतला होता. पण आमच्या फेरीतला असता तर कळलं असतं का, असं पोरीनं विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही.

त्यात भर म्हणजे त्या उन्हात सुरय अंड्यावर बसतो तो ऊब द्यायला नाही, सावली द्यायला बसतो. मधेच पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येतो आणि अंडी ओली करतो, गार ठेवायला. म्हणजे आम्ही चांगला अँगल शोधत तिथं दहा मिनिटं उभं राहिलो तर तेवढी दहा मिनिटं अंडी तव्यावर. पायाखाली काही चिरडायची गरजच नाही.

साहेब, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यातच पक्ष्यांच्या अंड्यांना-घरट्यांना त्रास देणं बसतं. म्हणजे कायद्यानं बघितलं तर त्या बेटावर कॅमेरा घेऊन उभा असलेला मी शिकारी होतो. हे मला कुणी सांगितलं नाही, घाटावर बोर्ड नाही, तिकिटावर नाही, तिकीटच नाही. नंतर एका कार्यालयात जाऊन बोललो तर म्हणले पाणी आमचं नाही, दुसरीकडं गेलो तर म्हणले पाणी आमचं आहे पण पक्षी आमचे नाहीत. मग म्हणलं जाऊ द्या, लग्नसराई सुरू होती.

आता कुणी म्हणेल नावाडी नालायक आहेत, त्यांच्यावर केसा करा. तसं करू नका. ती भोई समाजाची, आसपासच्या गावातली पोरं आहेत, काहींच्या घरच्यांची जमीन ह्याच पाण्याखाली गेलेली. मासळीत पहिल्यासारखं राहिलं नाही म्हणून हिवाळ्यात होडीवर माणसं घेतात. घाटावर आठ होड्या आणि गिऱ्हाईक चार, आणि पुण्या-मुंबईचा माणूस सहाशे एमएमची लांब लेन्स लावून बसला की पहिलाच प्रश्न, फ्लाइंग शॉट मिळेल ना? हा नाही म्हणला तर शेजारचा हो म्हणायला उभाच आहे. त्याच पोराला मी परत एकदा गाठून विचारलं की तुला कळत नाही का रे. म्हणला, "कळतंय की सायेब, बारकं हुतो तवापास्नं बघतोय. मान वर केली की थांबायचं असतंय. पर थांबलो तर तुमी पैसं द्याल का?" आणि पाचशेची नोट कुणी दिली होती, ते वर लिहिलंच आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, त्याला थांबता येईल असं काहीतरी करा. मान वर झाली की थांबायचं हे त्याला आधीच माहितीय, शंभर मीटर का दीडशे मीटर ह्याच्या मापापेक्षा हे चांगलं माप आहे कारण पाण्यावर टेप कोण धरणार. पण घाटावर होड्यांना नंबर लावा, रिक्षा स्टँडसारखा, फेरीचे पैसे ठरवून द्या, मग शेजारच्याची भीती राहत नाही. तुमच्या खात्याचं ट्रेनिंग आणि छातीवर बिल्ला द्या. बिल्ला असला की माझ्यासारख्याला तो सरळ सांगू शकतो, साहेब उडवायला बंदी आहे, माझा बिल्ला जाईल. गरीब माणसाला स्वतःच्या जिवावर नाही म्हणता येत नाही, सरकारच्या नावावर म्हणता येतं. थव्यापासून लांबच इंजिन बंद करून पुढं बांबूनं होडी ढकलली तर फोटोपण जास्त चांगले येतात हे मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, इंजिनच्या थरथरीत सहाशेची लेन्स कुणाच्या बापाला स्थिर धरता येत नाही. आणि होडी शांत तरंगत राहिली तर पक्षी आपणहून जवळ येतात, चरतात, भांडतात, मधेच पंख ताणतात. ती आग तेव्हापण दिसते, फक्त तास-दीड तास बसावं लागतं.

अंडी असलेली बेटं मात्र फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत बंदच पाहिजेत. उतरायचं नाही म्हणजे नाही, मंत्र्याच्या पाहुण्यालापण नाही, राग मानू नका. हे होऊ शकतं साहेब. मागं पुरीला जगन्नाथाला गेलो होतो तेव्हा चिल्का बघितलं. तिथलं नलबन बेट १९८७ पासून अभयारण्य आहे, पाय ठेवता येत नाही, लांबनं बघायचं. आणि त्याच सरोवराच्या वरच्या टोकाला मंगलाजोडी म्हणून गाव आहे, एके काळी पक्षी मारून विकणारी माणसं आज तिथं बांबूनं होडी ढकलत पक्षी दाखवतात, दलदलीत इंजिनच नाही. ज्यांनी मारले तेच राखायला लागलेत, आमच्या पोरांनी तर मारलेले पण नाहीत. लांब कशाला, नाशिककडचं नांदूरमधमेश्वर २०२० ला रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत गेलं, राज्यातलं पहिलं, तिथं तुमच्याच खात्याचं काम आहे. तो शहाणपणा नाशिकहून उजनीपर्यंत यायला काय अडचण आहे?

जलपर्यटन येणार, उजनीचा विकास होणार असं आम्ही ऐकतोय, होऊ द्या, चार पोरांना काम लागेल. पण आधी होड्या येणार आणि नियम मागनं येणार असं होऊ नये, कारण पक्षी एकदा गेला की सहजासहजी परत येत नाही, हे सोलापूर जिल्ह्यानं एकदा बघितलंय. नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी १९७९ ला अभयारण्य झालं आणि आता माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते.

होडीचं निघालंच आहे तर लाइफ जॅकेटचं पण लिहितो. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडं जाणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जीव गेले. ती पक्ष्यांची होडी नव्हती, रोजची जाण्यायेण्याची होती, पण पाणी तेच आहे आणि वारंपण तेच. त्याच्यानंतरसुद्धा मी अशा होडीत बसलोय जिथं जॅकेटं होती, पण गठ्ठा बांधून पुढच्या टोकाला, त्याच्यावर कॅमेऱ्याची बॅग ठेवायला बरी पडतात म्हणून. माझीच बॅग होती.

अजून एक छोटं काम, ह्याला पैसापण लागत नाही. ऑक्टोबरात वन्यजीव सप्ताह असतो, सरकारी फोटो स्पर्धा होतात. त्याच्या नियमात एक ओळ टाका, घरट्याचे आणि हाकलून उडवलेल्या थव्याचे फोटो बाद. पळवलेला थवा ओळखायला येतो, सगळ्यांच्या माना एकीकडं आणि खाली पाण्यात होडीची लाट. माझ्या फोटोत पण आहे ती लाट, डाव्या कोपऱ्यात. इतके दिवस मी ती क्रॉप करून दाखवत होतो.

साहेब, तुम्ही जानेवारीत एकदा या. ताफा घाटापासून लांब ठेवा, सायरन नको, पांढरा शर्टपण नको, मातकट काहीतरी घाला. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मी आणतो, नावाडी तोच सांगून ठेवतो, फक्त त्यानं "उडवू का?" विचारलं तर काय म्हणायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. सहाला घाटावर पाहिजे, नऊनंतर वारं सुटतं आणि होडी हलायला लागते.

आपला,
सोलापूरचा एक फोटोवाला