बोंगे बघ, मग पंप काढ

ठाणे, ४ फेब्रुवारी

चि. सायली,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले आंब्याच्या कलमांचे फोटो बाबांना दाखवले. चष्मा लावून एकेक मोठा करून बघितला आणि "वरच्या भाटल्यातले कुठायत?" एवढंच म्हणाले, म्हणजे डोंगरउतारावरच्या तुकड्यातले. टाके पुढच्या आठवड्यात निघतील, पण काठीशिवाय चालायला होळी उजाडेल. तोवर बाग तुझ्या एकटीवर. फोटोंखाली तू "थोडा खोकला आहे, धुळीचा असेल" असं लिहिलंस. त्यावर एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे. बागेबद्दलच लिहिते.

तिसऱ्या फोटोत तू ज्याला मोहोर म्हटलंयस ती पालवी आहे. फांदीच्या टोकाचा डोळा, म्हणजे कोंब, सडपातळ आणि टोकदार असला की पानं येणार. फुगीर, बोथट टोकाचा आणि खवले सुटायला लागलेला असला की तो बोंगा, म्हणजे मोहोराचा कोंब. लांबून दोन्ही तांबूसच दिसतात, म्हणून फांदी खाली ओढून हातात घेऊन बघायचं. एकाच कलमाच्या एका अंगाला मोहोर आणि दुसऱ्या अंगाला कोवळी पानं, हे हापूसचं नेहमीचंच. विहिरीकडचा रत्ना बघून हापूसचा अंदाज बांधू नकोस. तो नीलम आणि हापूसचा संकर, दरवर्षी धरतो. हापूस एका वर्षी देतो, एका वर्षी रुसतो.

आता तुडतुडे, मोहोरावरचे ते बारीक उडते किडे. सकाळी कलमाखाली जायचं, मोहोराच्या तुऱ्याची दांडी धरून हलकेच झटकायची आणि कान द्यायचा. तुडतुडे बरेच असले तर वाळलेल्या पानांवर बारीक पाऊस पडल्यासारखी टपटप ऐकू येते. मग खालच्या पानांवरून बोट फिरव. चकाकी आणि चिकटपणा लागला तर तो त्यांचाच चिकटा, आणि त्याच्यावरच पुढे काळी बुरशी चढते. पान काळं झाल्यावर धावण्यात अर्थ नाही. दोन-चारच उडाले तर तीन दिवस थांब आणि परत झटकून बघ. कडेच्या कलमांवर शोधू नकोस, बागेच्या मधोमध जिथे फांद्या एकमेकींत शिरल्यात आणि ऊन पोचत नाही तिथे बघ. खोडाच्या सालीच्या भेगांतही बसतात, त्यामुळे फवारायची वेळ आलीच तर खोडही भिजलं पाहिजे, नुसता शेंडा नाही.

औषध मापून. इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्क्यांचं असेल तर १० लिटरला ३ मिली, म्हणजे १०० लिटरच्या पिंपाला ३० मिली. गडी "झाकणभर" म्हणून ओततात, ते चालू द्यायचं नाही. आणि फुलं पुरती उमललेली असताना कीटकनाशक अजिबात नको. आंब्याचं परागीभवन मुख्यतः माश्या करतात, मधमाश्याही असतात. त्या मेल्या की नुसता मोहोर मिरवायचा, फळ नाही. त्यातून यंदा तुमच्याकडे थंडी टिकली आहे, आणि थंडीत फुटलेल्या तुऱ्यात नरफुलंच जास्त असतात.

भुरीचं तसं नाही. रात्री गार, सकाळी दव, त्यात दोन दिवस मळभ, की फुलांवर पांढरी पूड दिसलीच. दव किती पडतं ते अंगणातल्या दांडीवर हात फिरवून कळतं. मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा, जोरात सुटली असेल तर दव धरत नाही, त्या दिवसांत निवांत राहा. पूड दिसली तर पाण्यात मिसळणारं ८० टक्क्यांचं गंधक, १० लिटरला २० ग्रॅम. मात्र पारा ३२ अंशांच्या वर जायला लागला की गंधकाने मोहोर करपतो. पांगारा पूर्ण लाल झाला आणि दुपारी पायरीवर अनवाणी पाय टेकवेना, की गंधक बंद.

आणि गंधकाची पूड छातीत बसते. पिंपात टाकताना पुडा वरून झटकायचा नाही, आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवून मग ओतायचं. चाळण तोंडापाशी धरायची नाही. वारा पाठीवर घ्यायचा, दहाच्या आत पंप बंद करायचा. नाकाला ओढणी बांधून भागत नाही, फवारणीचा मिळतो तो मास्क नीट लाव. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, चष्मा. गड्यांनाही तेच, त्यांनी नाही म्हटलं तरी. फवारून आल्यावर आधी आंघोळ, मग चहा, आणि ते कपडे घरच्या कपड्यांत भिजवायचे नाहीत.

हे अगदी डब्यावरच्या सूचनांसारखं झालं, माहीत आहे मला. तुला राग येईल. पण एचटीपीची, म्हणजे फवारणीच्या मोठ्या पंपाची, गन आपल्या घरात फक्त बाबांनी धरली आहे आणि त्यांची छाती तुला ठाऊक आहे. असो.

पुनर्मोहोराचं विसरू नकोस. वाटाण्याएवढी कणी, म्हणजे बारीक फळ, धरलेली असताना परत थंडी पडली की त्याच तुऱ्यांच्या बुडातून नवा मोहोर फुटतो, आणि कलम आधीची कणी टाकून देतं. सकाळी खाली हिरव्या कणींचा सडा दिसला तर आधी वर नवे कोंब आहेत का ते बघ, लगेच रोग समजू नकोस. त्यावर जिबरेलिक आम्ल ५० पीपीएम, म्हणजे २० लिटरला १ ग्रॅम. ते पाण्यात सरळ विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये. पुरेसा मोहोर फुलल्यावर एकदा आणि कणी वाटाण्याएवढी झाल्यावर एकदा. कणी धरली की पाणीही द्यायचं, कलमामागे १५० ते २०० लिटर, पंधरा-पंधरा दिवसांनी तीन वेळा, बुंध्यात न ओतता फांद्यांच्या घेराखाली. कलमाभोवतीच्या आळ्यात पातेरा, म्हणजे वाळका पाला, पसर, जाळू नकोस. धुराने डोळे आणि घसा, दोन्ही जातात.

फणसाला कुयऱ्या लागल्या असतील. त्यातल्या बऱ्याच काळ्या पडून गळतील, त्यांना औषध मारू नकोस. ते नर तुरे असतात, परागकण सांडून झाले की बुरशी धरून पडतात. मादी कुयरी जाड देठाची असते, ती खोडावर टिकते. काजूवर मात्र लक्ष दे. कोवळे शेंडे आणि मोहोर काळे पडून वाळायला लागले तर तो ढेकण्या किडा. ज्या काजूवर ओंबिलांची, म्हणजे लाल मुंग्यांची, घरटी आहेत तिथे तो कमी येतो, तेव्हा मुंग्या चावतात म्हणून ती घरटी जाळायची नाहीत. काकूंनी मागे सांगितलं होतं ना, त्यांना मीच समजावते.

विहिरीवरच्या पांगाऱ्याची वाळकी फांदी तोडायची म्हणालीस. थांब. आधी तिच्या खालच्या अंगाला गोल, स्वच्छ कातलेलं भोक आहे का ते बघ. तांबट पक्षी वाळक्या फांदीला खालूनच कोरतो, म्हणजे पावसाचं पाणी आत जात नाही. दुपारभर "टुक टुक" चालू असेल तर बिऱ्हाड आलंय असं समज. कोकीळ ओरडला का, ते लिहायला विसरलीस.

देवळामागच्या सुरंगीला खोडावर कळ्या आल्या असतील. त्या उजाडायच्या आत काढाव्या लागतात, ऊन लागलं की उमलतात आणि वळेसार, म्हणजे गजरा, होत नाही. तू चौथीत असताना आजीबरोबर अंधारातून जायचीस आणि शाळेत पिवळी धमक केसर केसांत घेऊन बसायचीस. बाईंनी वर्गाबाहेर काढलं तरी काढला नाहीस वळेसार. तेव्हा कौतुक वाटलं होतं, आता तोच हट्ट फोनवर ऐकते तेव्हा बाबा म्हणतात, तुझ्यावरच गेली आहे. नोकरी सोडून तू बागेत उतरलीस यावर घरात कोण काय म्हणालं ते विसरून जा. वरच्या भाटल्यातल्या कलमांची आळी तू जशी केलीस तशी आमच्याकडून कधी झाली नव्हती.

मोगऱ्याचं पाणी तोडलं असशीलच. पंधरा दिवस कोरडा ठेवून पानं ओरबाड, शेंडे छाट, मग दोन घमेली शेणखत आणि भरपूर पाणी.

आता एवढंच विचारते. खोकला रात्री आडवी झाल्यावर येतो, की फवारलेल्या दिवशीच? कोरडा की कफाचा? किती दिवस झाले? पिंप भरायच्या आधी हे लिहून पाठव, आणि तोवर पिंप भरू नकोस. भुरी चार दिवस थांबली तरी चालेल.

तुझी,
आई

ता.क. बाबांनी पत्र मागून घेऊन वाचलं. गंधकाचं पोतं माळ्यावरून खाली काढायचं नाही, मी येऊन बघतो, असं म्हणताहेत. कसे येणार, ते मी विचारलं नाही.