रविवारची सिंहगड सायकल राइड : डीप रिमबाबत

मंडळी, डीप रिमची, म्हणजे ५० मिमी खोल कडेची कार्बन चाकं रोजच्या सरावालाही लावणाऱ्यांना विनंती, रविवारी साधी ॲल्युमिनियमची लावून या. रिम ब्रेक (थेट चाकाच्या कडेवर पॅड दाबणारा) असेल तर घाट उतरताना सतत ब्रेक दाबून कार्बन रिम तापते, ट्यूब फुटू शकते. मागच्या खेपेला माझ्या रिमला बोट टेकवत नव्हतं! चाकं बदलताना ब्रेक पॅडही बदला. ॲल्युमिनियमवर घासलेल्या पॅडमध्ये अडकलेला धातूचा चुरा कार्बन खरवडतो.

डिस्क ब्रेकवाल्यांनी (ज्यांचा ब्रेक रिमवर न दाबता वेगळ्या चकतीवर दाबतो) डीप रिम आणली तरी चालेल, पण वळणावर आडवा वारा पुढचं चाक ढकलतो, तेव्हा एका हाताने पाणी पिणं नको. लांब व्हॉल्व्हची ट्यूब स्वतःची आणा. ४८ मिमीचा व्हॉल्व्ह या रिममधून बाहेरच येत नाही, आणि मग सगळा ग्रुप डोणज्यात चहा पीत बसतो.